निकाल लागला, रस्ता उघडला नाही: मा. लोकायुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. लोकायुक्त, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

महोदय,

शेतरस्त्याचं प्रत्येक भांडण आपल्या दारात यायला लागलं तर आपल्या कार्यालयाला दुसरं काम करायला सवड उरणार नाही, हे मला कळतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, रस्ता कोणाचा, किती रुंद, कोणत्या गटातून, म्हणजे जमिनीच्या कोणत्या नंबरातून जातो, याचा निवाडा मी आपल्याकडे मागत नाही. त्यासाठी तहसीलदार आहेत, त्यांच्या वरचे प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी आहेत, दिवाणी कोर्ट आहे. निवाडा झाल्यावर काय होतं, त्याबद्दल हे पत्र आहे. तहसीलदारांचा हुकूम हातात आहे, त्यावर सही आहे, शिक्का आहे, आणि बांधावर बाभळीच्या फांद्या तशाच आडव्या पडलेल्या आहेत. ही अवस्था आमच्या तालुक्यात इतकी सवयीची झाली आहे की लोकांना आता त्याचं नवल वाटत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. रस्ता अडला की शेतकऱ्याकडे मुख्यतः दोन कायदे असतात. पहिला १९०६ चा, मामलतदार न्यायालय अधिनियम. मामलतदार जाऊन तहसीलदार आले, कायद्याचं नाव राहिलं. वहिवाटीचा रस्ता कोणी बेकायदा अडवला तर कलम ५ खाली तहसीलदाराने तो मोकळा करून द्यायचा, पुन्हा अडवू नये म्हणून मनाईही करायची. दावा मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणायचा. दुसरा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्याचं कलम १४३ ज्याच्या शेताला जायला वाटच नाही त्याच्या कामाचं, त्यात शेजारच्या गटांच्या बांधावरून वाट देता येते. ती देताना कसणाऱ्याला शेतात जाण्यायेण्याची वाजवी गरज किती, हे बघायचं असं कायदाच सांगतो. निकाल पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

कागदावर हे सगळं छान आहे. इंग्रज अमदानीतल्या माणसांनी १९०६ साली एक गोष्ट नीट ओळखली होती. पेरणी थांबत नाही, म्हणून असल्या तंट्याचा निकाल लवकर लागला पाहिजे आणि जवळ लागला पाहिजे. दिवाणी कोर्टात वीस वर्षांची वहिवाट शाबीत करत बसायला लागू नये, म्हणून तर मामलतदाराचं कोर्ट. या कायद्याखाली अपील नाही, फक्त फेरतपासणी आहे. आज ती फेरतपासणी बहुतेक ठिकाणी प्रांत कार्यालयात चालते, आणि तिथे पहिल्याच तारखेला स्थगिती मिळाली की मूळ हुकूम कपाटात जातो.

स्थगितीवर मी बोलणार नाही, तो न्यायदानाचा भाग आहे. ज्या हुकुमांना कोणाचीच स्थगिती नाही, त्यांचं बोलू.

आमच्याच भावकीतलं उदाहरण देतो. गावाचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या तारखा अजून त्याच टेबलापुढे पडायच्या आहेत. माझी एक चुलती आहे. चुलते गेल्यापासून शेत ती एकटी बघते. तिचं रान गावाच्या शिवेकडे, दुसऱ्याच्या दोन गटांच्या पलीकडे. वाट जुनी आहे, तिच्या सासऱ्यांची बैलगाडी त्याच वाटेने जायची. गावच्या नकाशावर ती तुटक रेषेने दाखवलेली आहे, आणि नक्कल आमच्याकडे आहे. एका वर्षी अलीकडच्या गटाच्या मालकाने ट्रॅक्टर लावून वाट नांगरली आणि त्यावर सोयाबीन पेरलं. पुढच्या साली जेसीबीने तोंडाला चर मारला. चर असा की माणूस उडी मारून जाईल, बैल जाणार नाही.

चुलतीचा ऊस उभा होता. कारखान्याची टोळी आली तेव्हा मुकादम चराच्या कडेला उभा राहिला, पलीकडे नजर टाकली आणि म्हणाला, "मावशी, गाडीवाट करून द्या, मग कोयता लावतो." वाट कुठून करून देणार? टोळी दुसऱ्या फडात गेली. ऊस इतका उभा राहिला की त्याला तुरे आले, वजन घटलं. शेवटी दुसऱ्या टोळीला मनवून, नेहमीच्या खुशालीच्या, म्हणजे टोळीला द्याव्या लागणाऱ्या वरकड पैशांच्या वर वेगळे पैसे मोजून, मोळ्या डोक्यावर वाहून रस्त्याला आणल्या. ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री, म्हणजे खेपेमागचे वरचे पैसे, वेगळी. त्या सालचा हिशेब तिने मला दाखवला नाही, मीही विचारला नाही.

दावा वेळेत दाखल झाला होता. तिथून पुढे जे झालं ते तालुक्याच्या गावी बसणारा कोणीही तोंडपाठ सांगेल. ग्रामपंचायतीत गेलं तर ते म्हणतात, आमच्या नोंदवहीत हा रस्ता नाही, महसूलकडे जा. वास्तविक १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे, पण आधी रस्ता सार्वजनिक आहे हे कोणी ठरवायचं, यावर सगळे खांदे उडवतात. महसूलकडे गेलं तर मोजणी आणा. भूमी अभिलेखकडे गेलं तर मोजणीची फी भरा आणि तारखेची वाट बघा. तारीख आली की मोजणीदार येतो, शेजारी हरकत घेतो, मोजणीदार 'कब्जेदाराने विरोध केल्याने मोजणी होऊ शकली नाही' असा शेरा मारून परत जातो. मग पोलीस बंदोबस्त मागा. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद आहे, कोर्टाचा हुकूम आणा. तहसीलदाराचा हुकूम हा मामलतदार न्यायालयाचा हुकूम असतो, हे ठाण्यातल्या हवालदाराला पटवून सांगायला चुलती जाणार का?

'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाकली तर ती फिरून ज्या कार्यालयाविरुद्ध आहे त्याच कार्यालयात येते, आणि 'अर्जदारास कळविण्यात आले आहे' असं लिहून निकाली निघते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे साहेब मान हलवतात, खालच्या साहेबांना तोंडी सूचना देतात, आणि खालचे साहेब त्याहून खालच्यांना. शेवटी कागद तलाठ्यापाशी येतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालं, सजा, म्हणजे त्याच्याकडचा गावांचा हद्दभाग, तेवढाच आहे, आणि गावात रोज दोन्ही पार्ट्यांची तोंडं बघायची त्यालाच आहेत. त्याचा मला राग येत नाही.

तरीही आमच्या दाव्याचा निकाल लागला. स्थळ पाहणी झाली, पंचनाम्यात शेजारपाजारच्या जुन्या माणसांनी वाट होती असं सांगितलं, नकाशा पुढे होता. हुकूम झाला: प्रतिवादीने केलेला अडथळा दूर करून रस्ता पूर्ववत खुला करून द्यावा, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी अंमलबजावणी करून अहवाल सादर करावा. चुलतीने पेढे वाटले नाहीत. तिचा जावई मात्र म्हणाला, आता काय राहिलं?

राहिलं ते असं. ठरलेल्या दिवशी बंदोबस्त मिळाला नाही, निवडणूक होती. पुढच्या दिवशी जेसीबी आला नाही, कारण तो आणायचा खर्च कोणी करायचा हे ठरलं नव्हतं. शेवटी तो अर्जदारानेच केला, जसा बहुतेक ठिकाणी अर्जदारच करतो, आणि त्याची पावती कुठल्याही फाईलला लागत नाही. चर बुजला. पंचांच्या सह्या झाल्या, रस्ता खुला करून दिल्याचा पंचनामा झाला, अहवाल गेला, प्रकरण बंद. पंधरवडा गेला नाही तोच तिथे पुन्हा नांगर फिरला. कार्यालयात सांगायला गेलो तर उत्तर मिळालं: हुकुमाची अंमलबजावणी झालेली आहे, आता नवीन अडथळा असेल तर नवीन दावा दाखल करा.

महोदय, या शेवटच्या उत्तरासाठी मी हे पत्र लिहितो आहे. हुकुमात मनाईही होती. मनाई मोडली तर काय करायचं हे त्याच १९०६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे, मनाई मोडणारा शिक्षेला पात्र ठरतो. अडथळा काढण्याचा हुकूम अंमलात आणायची जबाबदारीही त्या कायद्याने खुद्द मामलतदारावर टाकलेली आहे. ती अर्जदारावर नाही, त्याच्या जावयावर नाही. म्हणजे इथे निवाड्याचा प्रश्न उरलेलाच नाही. सरकारी माणसाने करायचं काम केलं नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणि असल्या प्रश्नासाठीच आपलं पद निर्माण झालं. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्त आणि उप लोकायुक्त अधिनियम केला आणि पुढच्याच वर्षी लोकायुक्त प्रत्यक्ष नेमले. देशात हे आधी कोणी करून दाखवलं नव्हतं. त्या कायद्यात तक्रारींचे दोन प्रकार आहेत. एक अभिकथन, म्हणजे भ्रष्टाचाराचा किंवा पदाच्या गैरवापराचा आरोप. दुसरं गाऱ्हाणं, म्हणजे गैरकारभारामुळे माझ्यावर अन्याय झाला किंवा मला अवाजवी त्रास झाला, असं म्हणणं. गैरकारभाराच्या व्याख्येत हयगय आणि अवाजवी विलंब हे दोन्ही येतात. 'कृती'च्या व्याख्येत कृती न करणंही येतं. ज्यांनी हा मसुदा लिहिला त्यांनी आमच्या तालुक्याचं कपाट उघडून पाहिलं असावं, असं वाटण्याइतकं ते चपखल आहे.

अडचण पुढच्या कलमांत आहे. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागायची सोय असेल, तर लोकायुक्तांनी सहसा चौकशी करायची नाही. शिवाय ज्या कृतीबद्दल तक्रार आहे ती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत यायचं. दोन्ही अटी एकेकट्या वाचल्या तर रास्त आहेत. शेतरस्त्याच्या प्रकरणात त्या एकत्र आल्या की माणूस दोन्हीकडून सापडतो. आधी तहसीलला जा म्हटलं की तो जातो, तिथून प्रांताकडे जातो, मोजणीची वाट बघतो, बंदोबस्ताची वाट बघतो. हे सगळे उपाय संपवून तो मुंबईचा रस्ता धरतो तेव्हा बारा महिने केव्हाच उलटलेले असतात. आणि उपाय न संपवता आधीच आला, तर उपाय शिल्लक आहे म्हणून परत जातो.

पुरेसं कारण असेल तर या अटी शिथिल करायची मुभा कायद्याने आपल्याला दिलेली आहे. माझी पहिली मागणी या मुभेबद्दल आहे. तहसील आणि प्रांताच्या पायऱ्या चढण्यात गेलेला काळ हे पुरेसं कारण धरलं जाईल, आणि अंमलबजावणी न झालेला हुकूम जोवर तसाच आहे तोवर गाऱ्हाणंही चालू आहे असं मानलं जाईल, हे आपण एकदा जाहीरपणे सांगावं. प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे प्रतिज्ञापत्रात मांडावं आणि वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडावं, असं ठेवू नये. सोलापुरातला, बीडमधला, बुलढाण्यातला खातेदार वकील लावून आपल्याकडे येत नाही. तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ज लिहून घेतो.

इथे मला इंग्लंडचं उदाहरण द्यावंसं वाटतं, आणि ते तिथलं सगळं चांगलं असतं म्हणून देत नाही. तिथे वाटेचे तंटे वेगळ्या जातीचे. शेतातून, कुरणातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा असतात, फिरायला जाणारे लोक त्या वापरतात, आणि एखादा मालक फाटकाला कुलूप घालतो किंवा वाटेवर नांगर फिरवतो. नांगर तिथेही फिरतोच! पण वाट जपायची जबाबदारी कोणाची, यावर तिथे संदिग्धता नाही. १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम १३० सांगतं की लोकांचा वाटेवरचा हक्क राखणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य आहे. वाटांचा एक अधिकृत नकाशा कौन्सिलकडे असतो, तो वाटेच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहून गेलेली वाट नकाशावर चढवायला अर्ज करता येतो, आणि बारा महिन्यांत कौन्सिलने निर्णय दिला नाही तर अर्जदार थेट केंद्राकडे जाऊन कौन्सिलला मुदत घालून घेऊ शकतो. एवढं असून अर्ज वर्षानुवर्षं तुंबतात, कारण तपासणारी माणसं कमी. म्हणजे दिरंगाई काही आमचीच मक्तेदारी नाही.

फरक ओम्बड्समनपाशी, म्हणजे तिथल्या लोकायुक्तासारख्या तक्रार-तपासनिसापाशी पडतो. १९७४ च्या कायद्याने तिथे स्थानिक कारभारासाठी वेगळा ओम्बड्समन नेमला गेला, आज त्याच्याकडे सामाजिक सेवांच्या तक्रारीही आहेत. तोही वाट आहे की नाही हे ठरवत नाही. त्याच्याकडेही साधारण बारा महिन्यांची मुदत आहे, त्याच्याही शिफारशीच असतात, हुकूम नसतो. कौन्सिलचा कारभार चुकला का, आणि त्यामुळे या माणसाचं काय बिघडलं, एवढंच तो बघतो. चुकला असेल तर माफी मागा, अमुक तारखेपर्यंत अमुक करा, झालेल्या मनस्तापापोटी थोडी रक्कम द्या, असं सांगतो. रक्कम फार नसते, तेवढ्यात आमच्याकडे जेसीबीही येणार नाही. पण निर्णय तक्रारदाराचं नाव काढून आणि कौन्सिलचं नाव ठेवून प्रसिद्ध होतो, कोणालाही वाचता येतो. शिवाय दरवर्षी प्रत्येक कौन्सिलला त्याचं एक पत्र जातं, तुमच्याविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती खऱ्या निघाल्या, सांगितलेलं किती पाळलंत. तेही जाहीर असतं. स्थानिक वार्ताहर ते पत्र वाचतात, कौन्सिलच्या सभेत विरोधक फडकवतात.

आपला वार्षिक अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यातून माझ्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाबद्दल मला काय कळणार? माझी दुसरी मागणी म्हणून ही: रस्ताप्रकरणांपुरतं तरी तालुक्याचं नाव घालून आपले निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, मराठीत, चार ओळींत का होईना. अमुक तालुका, हुकूम अमुक तारखेचा, अंमलबजावणी नाही, अमुक मुदतीत करावी अशी शिफारस. अधिकाऱ्याचं नाव नको. बदली होऊन तो गेलेला असतो. कार्यालयाचं नाव पुरे.

लोकायुक्त हा शब्द गेल्या काही वर्षांत पेपरात आला तो निराळ्याच कारणाने. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी सशक्त लोकायुक्ताची मागणी लावून धरली, नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं, मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत आणले गेले म्हणून बातम्या झाल्या. भ्रष्टाचार रोखायला हवाच, त्यात वाद नाही. माझी धास्ती एवढीच की मोठ्या माशांच्या गोष्टीत गाऱ्हाण्याची बाजू अंग चोरून बसेल. चुलतीच्या फाईलमध्ये कोणी लाच मागितल्याचा पुरावा नाही. कदाचित कोणी मागितलीही नसेल. फाईल नुसती पडून राहिली, आणि पडून राहिल्याचा फायदा ज्याने चर मारला त्याला आपोआप मिळाला. याला भ्रष्टाचार म्हणता येत नाही. गैरकारभार म्हणता येतं, आणि तो शब्द आपल्याच कायद्यातला आहे.

समोरच्याचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. ज्याच्या रानातून वाट जाते त्यालाही दोन-तीन एकरच असतात. पुष्कळदा वाटेखालचं क्षेत्र त्याच्याच उताऱ्यावर असतं. नकाशातल्या वाटा साखळीच्या हिशेबात मोजल्या गेल्या, तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. त्या मापाने चार आण्यांची पायवाट म्हणजे सव्वाआठ फूट. बैलगाडी त्यातून निघून जायची. आता ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली आली, ऊस तोडायचं हार्वेस्टर आलं, मळणीयंत्र आलं. यांना त्या वाटेत वळताही येत नाही. म्हणजे मागणारा म्हणतो माझी जुनी वाट दे, आणि मागत असतो त्याहून रुंद. देणाऱ्याला ते कळतं आणि तो सगळीच वाट बंद करतो. आमच्याकडची निम्मी भांडणं रुंदीची असतात, असं माझं मत आहे. दावे मात्र वाट होती की नव्हती यावर चालतात.

मे २०२५ च्या शासन निर्णयाने यात हात घातला, हे मान्य करायला हवं. शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा, दिलेल्या रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, रस्त्याच्या अर्जावर नव्वद दिवसांत निर्णय व्हावा, असं त्यात सांगितलं आहे. सातबाऱ्यावर नोंद ही मोठी गोष्ट आहे. जमीन विकली गेली, वाटण्या झाल्या, तरी नवा मालक 'मला काय माहीत' म्हणू शकणार नाही. त्याआधी २०१८ ची पालकमंत्री शेत-पाणंद योजना होती, २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, रोजगार हमीतून माती-मुरूम पडू लागला. मुरूम मात्र पडतो तिथे, जिथे लोकांची आधीच संमती आहे. तंट्याच्या पाणंदीकडे ठेकेदार फिरकत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, त्याला वर्षअखेर बिल काढायचं असतं.

पण नव्वद दिवस कशाचे, तर निर्णयाचे. पुन्हा घोडं तिथेच पेंड खातं. बैठकीत जिल्हाधिकारी विचारतात, रस्त्याची प्रकरणं किती निकाली काढली? तहसीलदार आकडा सांगतात. तो आकडा खराही असतो. त्यातले किती रस्ते आज ट्रॅक्टर जाण्याजोगे मोकळे आहेत, हे विचारलं जात नाही, आणि विचारलं तर उत्तर देता येईल असा कागद बहुतेक कार्यालयांत नाही.

माझी तिसरी मागणी या कागदाची आहे, आणि तिन्हींतून एकच मान्य होणार असेल तर हीच व्हावी. तक्रार आली नसतानाही, गाऱ्हाणं होऊ शकेल अशा कृतीची चौकशी करायचा अधिकार १९७१ च्या कायद्याने आपल्याला दिलेला आहे. तो वापरून प्रत्येक महसुली विभागातले काही तालुके आपल्या पसंतीने निवडा. तिथल्या कलम ५ आणि कलम १४३ च्या प्रकरणांच्या फक्त तीन तारखा मागवा: दावा दाखल झाल्याची, हुकूम झाल्याची आणि रस्ता जागेवर उघडल्याची. पहिल्या दोन लगेच मिळतील. तिसऱ्या तारखेच्या जागी कुठे पंचनाम्याची तारीख येईल, कुठे रेघ, कुठे 'कार्यवाही सुरू आहे'. त्या रकान्यावर आपण बोट ठेवलंत की पुढचं पुष्कळसं काम महसूल खातं स्वतःच करील. खात्याची एक सवय चांगली आहे, वरून ज्याची माहिती मागवतात ते काम होतं.

जागेवर खात्री करायला कोणी पाठवणार असाल तर एक विनंती आहे. उन्हाळ्यात पाठवू नका. एप्रिल-मे महिन्यात रानं उघडी असतात, ऊस सोडला तर फारसं पीक उभं नसतं, वाट नसली तरी बहुतेक सगळीकडून गाडी जाते आणि 'रस्ता वापरात असल्याचे दिसून आले' असा अहवाल मिळतो. खरीप उभं असताना पाठवा, नाहीतर गाळप सुरू झाल्यावर, नोव्हेंबरात. आणि माणसाला सांगा, चारचाकी डांबरीवर सोडून ट्रॉलीत बसून जा. ट्रॉली कुठे थांबते ते अंतर पंचनाम्यात लिहा.

हे पत्र म्हणजे तक्रार नव्हे, म्हणून सोबत प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही. चुलतीचं गाऱ्हाणं विहित नमुन्यात, तिच्या अंगठ्यानिशी, हुकुमाची आणि नकाशाची नक्कल जोडून रजिस्टर पोस्टाने वेगळं पाठवतो आहोत. बारा महिन्यांची अट का पाळता आली नाही, त्याचं कारण त्यात दुसऱ्या पानावर लिहिलं आहे.

आपला,
एक खातेदार,
सोलापूर जिल्हा